चांगुणाबाईंनी थांबवलेलं मतदान

सातपूरच्या कारखान्यात चांगुणाबाई पगारे सव्वीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर होत्या. तिथे मशिनांचा एवढा दणदणाट, की शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू यायचं नाही. कोण चिडलंय, कोण घरून रडून आलंय, हे खांद्यांवरून आणि हातांवरून ओळखायचं. निवृत्त झाल्यावर कान थोडे मंद झाले होते, पण डोळ्यांची सवय तशीच राहिली.

गेल्या मार्चमध्ये वस्तीतल्या विहारात जयंतीची बैठक भरली. जयंती समितीचा अध्यक्ष किशोर वही घेऊन बसला होता. बैठक सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच भांडण पेटलं. संघर्ष नावाचा कॉलेजातला पोरगा म्हणाला, "यंदा डीजे पाहिजे म्हणजे पाहिजे!"

सत्तरीचे सहादूबाबा ताडकन उठले. "मिरवणूक हाय का वरात? डीजे नाय म्हणजे नाय!"

मग सगळेच बोलायला लागले. शेवटी किशोर वैतागला. "पुरे आता! हात वर करा, मतदान घेऊ."

चांगुणाबाई भिंतीशी बसून मघापासून बघत होत्या. संघर्षच्या बरोबरची पोरं सतरंजीवर बसलीच नव्हती, दारातच उभी होती. बारावीतली साक्षी काहीतरी सांगायला दोनदा अर्धवट उठली आणि दोन्ही वेळा खाली बसली. सहादूबाबा आवाज चढवत होते खरे, पण मधूनमधून त्यांचा हात खिशातल्या घडी केलेल्या कागदाकडे जायचा.

"किशोर, थांब जरा," त्या म्हणाल्या. "आत्ता हात मोजलेस, तर हरलेले निम्मे लोक मिरवणुकीला येणारच नाहीत."

"मग काय करू, ताई?"

"आधी ही पोरं आत बसू देत. पाहुण्यांसारखी दारात काय उभी राहिलीत? वस्ती त्यांचीपण आहे." पोरं ओशाळून आत आली. सरकासरकी झाली, जागा झाली. मग चांगुणाबाई सहादूबाबांकडे वळल्या. "बाबा, मागच्या वर्षी तुमचं भाषण मध्येच थांबवलं होतं. तो कागद अजून खिशात आहे ना? पुढं काय सांगणार होतात?"

बाबांनी कागद काढला, पण उघडला नाही. "वस्तीतली पयली मिरवणूक," ते हळूच म्हणाले. "मनमाडहून बँड यायचा होता. त्यांची रेल्वे चुकली. मग आम्ही तेलाचे डबे घेतले अन् धडाधड वाजवत निघालो. त्या आवाजानं आमच्या बैलगाडीचे बैल असे बुजले! तसबीर गाडीत ठेवलेली. मी उडी मारून ती छातीशी धरली अन् पळत सुटलो. माझ्यामागं सारी वस्ती पळतेय, डबे वाजतायत, बाया हसतायत... दोन तासांची मिरवणूक पंधरा मिनटांत उरकली!"

सारा विहार गदगदा हसायला लागला. संघर्षने तर डोळेच पुसले. "बाबा, हे कुणी सांगितलंच नाही आम्हाला!"

"विचारलंस कधी?"

"आणि आम्हाला तरी तुम्ही कधी विचारलंत? दरवर्षी फक्त मंडप बांधायला बोलावता."

बाबांनी मान हलवली. "ते खरं हाय, पोरा. चुकलंच आमचं."

तेवढ्यात चांगुणाबाईंनी साक्षीकडे बोट केलं. "ही मघापासून काहीतरी सांगायला बघतेय."

साक्षी एका दमात बोलून गेली, "आम्ही बारा मुलींनी लेझीम बसवलंय. दोन महिने झाले. पण डीजे लागला तर आमच्या लेझमांचा आवाज ऐकूच येणार नाही!"

"लेझमाला ताल कोण देणार?" किशोरने विचारलं.

"आम्ही!" संघर्ष उठून उभाच राहिला. "डबे वाजवू. बाबा शिकवतील."

मतदानाची गरजच उरली नाही.

चौदा एप्रिलला वस्तीतून वीस पोरं पत्र्याचे डबे गळ्यात अडकवून निघाली. पुढे मुलींचं लेझीम होतं. सहादूबाबा उघड्या टेम्पोत उभे राहून ताल चुकला की ओरडत होते, आणि चौकाचौकात तीच गोष्ट पुन्हा सांगत होते. तिसऱ्या चौकापर्यंत त्या गोष्टीतली मिरवणूक पंधराऐवजी दहा मिनिटांत उरकली होती आणि बैल दोनाचे चार झाले होते.

चांगुणाबाई बायकांच्या घोळक्यात चालत होत्या. साक्षीने त्यांचा हात धरून त्यांना रिंगणात ओढलं, हातात लेझीम दिलं. "मावशी, दोनच पावलं!"

साठाव्या वर्षी त्या पहिल्यांदा लेझीम खेळल्या. पावलं साफ चुकली, पण कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.