आर्डिथच्या नावाची पट्टी

आर्डिथ कोल्टरमनचं चांगलं झालेलं मला बघवत नाही. चर्चमध्ये हे कधी कबूल केलं नाही, पण इथे लिहायला हरकत नाही.

आम्ही एकाच शाळेत शिकलो आणि चर्चच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं शेजारी उभं राहून भांडी घासली. ती गावाचं वाचनालय सांभाळते, मी गरजूंना शिधा देणारं कोठार. पगार दोघींनाही नाही. आमच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, एक फाउंडेशन आहे; मरताना कुणी शेताचा तुकडा, कुणी ठेव त्याच्या नावे करून जातं. मुद्दलाला हात लावत नाहीत, व्याज तेवढं दर सप्टेंबरात आमच्यासारख्या संस्थांना वाटतात. वाटणारी समिती म्हणजे आमचेच शेजारी: जनावरांचा डॉक्टर, बँकेतली एक बाई आणि निवृत्त मास्तर. आर्डिथचं नाव दरवर्षी यादीत असतंच. कधी पुस्तकं, कधी खुर्च्या, एकदा तर चक्क गालिचा. माझंही असायचं, पण पार खाली, उरलंसुरलं वाटल्यासारखं.

यंदा मला फ्रीजर हवा होता. जुना जुलैत बंद पडला. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली की शिकारी आम्हाला मांस आणून देतात आणि साठ घरांचा हिवाळा त्यावर निघतो. फ्रीजर नसेल तर ते मांस घ्यायचं कसं, आणि त्या घरांना काय सांगायचं?

समिती पाहणीला येणार म्हटल्यावर मी आणि माझा नवरा मर्ल आठवडाभर राबलो. फडताळं रंगवली. बंद फ्रीजर मागच्या खोलीत ढकलून त्यावर चादर घातली. रिकामी फडताळं दाखवायची कशी, म्हणून शेजारच्या गावातून डबे उसने आणून ती गच्च भरली. आईने मला हेच शिकवलं होतं. समितीने माझे दालचिनीचे रोल खाल्ले, तोंडभर कौतुक केलं आणि गेली.

आर्डिथने काय केलं? काही नाही. वाचनालयाचं छप्पर गळत होतं, तर बादल्या होत्या तिथेच राहू दिल्या. डॉक्टरचा बूट म्हणे एकीत गेला.

तिचं छप्पर मंजूर झालं. माझ्या अर्जावर शेरा आला, संस्था सुस्थितीत आहे, निकड दिसत नाही. तो कागद घेऊन मी ओट्यापाशी रडले. तरी वाटपाच्या जेवणाला गेले, नाहीतर वाईट दिसलं असतं. आर्डिथ पुठ्ठ्याचा भलामोठा चेक धरून उभी होती. फोटोत मी तिच्या मागे आहे आणि हसते आहे.

जेवणानंतर ती माझ्याजवळ आली.

"तुझ्या फ्रीजरचं काय झालं गं?"

"सगळं फार छान दिसत होतं म्हणे," मी म्हटलं.

"ट्विला, तू आवरून ठेवलंस?"

"पाहुणे येणार म्हटल्यावर आवरायला नको?"

"अगं बाई, ते पाहुणे नव्हते."

ती हसली नाही, तेच जास्त झोंबलं.

शिकार सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ती पिकअपमधून आपल्या तळघरातला फ्रीजर घेऊन आली. नको हा शब्द माझ्या ओठांवर होता. पण ती साठ घरं डोळ्यांपुढे आली आणि मी मर्लला उतरवून घ्यायला सांगितलं.

रविवारपर्यंत फ्रीजर काठोकाठ भरला. झाकणावर चिकटपट्टी आहे आणि तीवर तिचं नाव. चर्चच्या जेवणाला नेलेलं भांडं घरी परत यावं म्हणून आम्ही सगळ्याच तशी लावतो. येणारा प्रत्येक जण ती वाचतो आणि आर्डिथ किती चांगली आहे ते मला सांगतो. मी हो म्हणते. एकदा कुणी नसताना नखाने ती खरवडली. अर्धं नाव निघालं.

मग आठवलं, पुढच्या सप्टेंबरात समिती पुन्हा येणार, आणि फ्रीजर उसना आहे हे त्यांना दिसायला हवं. मी नवी पट्टी आणली आणि आर्डिथ कोल्टरमनचं नाव माझ्या हाताने, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं.