तंबूतली गौर

रत्नाकाकू हट्टी आहेत हे चारकोपच्या त्यांच्या सेक्टरात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. भाजीवाला त्यांना लांबून बघूनच पिशवीत कढीपत्ता टाकून ठेवतो. कोण वाद घालणार! खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी काठी दिली, ती त्या टेकायला कमी आणि नवऱ्याला दाखवायला जास्त वापरतात. नवरा म्हणजे काशीराम तोडणकर. औषधांच्या कंपनीतून रिटायर झालेला, स्वभावानं गरीब, पण जिभेवर बारीक मिरची ठेवून असलेला माणूस.

तर यंदाचा हट्ट होता गौरीचा.

तोडणकरांचं गाव गुहागरच्या पुढे, समुद्राला लागून. तिकडे गौर तेरड्याची. मुखवटे नाहीत, काही नाही. ओढ्यावर जायचं, फुलावर आलेला तेरडा मुळासकट उपटायचा, मुळं धुवायची आणि माहेरवाशिणीला आणावी तशी कडेवर घेऊन घरी यायचं. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हापासून गौर उपटली ती रत्नाकाकूंनीच. पोटात सर्वेश असताना उपटली, सासरे आजारी असताना उपटली, ताप अंगात घेऊन उपटली. आणि यंदा डॉक्टर म्हणाले, एवढा लांबचा प्रवास नको आणि उकिडवं तर अजिबात बसायचं नाही.

"गावाला तुझी धाकटी जाऊ आणेल की गौर," काशीराम म्हणाले. "आणि तुला इथे हवीच असेल तर बाजारातनं आणू. जुड्या बांधून विकतात."

"कापलेला तेरडा? मुळाशिवाय?" काकूंचा आवाज चढला. "माहेरवाशीण आणायची की तिचं नुसतं मुंडकं? गौर येईल ती मुळासकट येईल आणि माझ्या हातानंच उपटून येईल. सांगून ठेवते."

आता सांगून ठेवायला काय जातं! पण चारकोपच्या दुसऱ्या मजल्यावर तेरडा उगवायचा कुठे? समोर टॉवर उभा राहिल्यापासून घरात ऊन म्हणून येत नव्हतं. खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्या ठेवायला कमिटीनं बंदी घातलेली. सेक्रेटरी वसुधाताई राहतात बरोबर समोरच्या दारात, म्हणजे चोरूनही ठेवायची सोय नाही.

मार्ग काढला तो सर्वेशनं. सर्वेश गोरेगावच्या स्टुडिओत लाइटमन आहे. रात्रीच्या सीनला दिवस करणं हे त्याचं पोटापाण्याचं कामच. तो म्हणाला, "आई, ऊन नाही ना? आपण करू." फाटला म्हणून टाकून दिलेला चंदेरी कपडा त्यानं शूटिंगवरून मागून आणला, प्लास्टिकच्या पायपांचा सांगाडा केला, वर पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या, बाजूला छोटासा पंखा, पुढे चेन. आतल्या खोलीत कपाटाएवढा तंबू उभा राहिला. काकूंच्या हुकमावरून तो टेबलावर चढवला, कारण वाकायचं नव्हतं. उभ्या उभ्या हात घालून गौर उपटता आली पाहिजे.

"झकास!" काशीराम म्हणाले. "आता सर्कशीचं तिकीट लाव."

माती तयार केली ती सुनेनं. अक्षता मुलुंडची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या माहेरी मुखवट्यांच्या गौरी, भरजरी साड्या, पुरणपोळी. रोपटं म्हणजे गौर हे ऐकून ती आधी हसली होती आणि मग सासूचं तोंड बघून गप्प झाली होती. पण मातीचं तिला वेड. ऑफिसातून आली की डोकं त्या निळ्या ड्रममध्ये. नारळाच्या काथ्याचा भुसा, घरच्या ओल्या कचऱ्याचं खत, तबेल्यातलं जुनं शेण, पिंपळाची वाळकी पानं, मूठभर निंबोळी पेंड, आणि रत्नाकाकूंनी गावाहून मागवलेली तांबडी माती. वरून ताक-गुळाचं पाणी शिंपडायचं, ओलं गोणपाट झाकायचं आणि मुरू द्यायचं. मग त्यात गांडुळं सोडली.

"आई, ही जिवंत माती," ती समजावायची. "आपण झाडाला खायला घालायचं नाही. मातीतल्या जिवांना घालायचं. ते झाडाला घालतात."

"म्हणजे घरातल्या बाईसारखंच की," काकू म्हणाल्या. "तिला कोण विचारतंय, पण सगळ्यांना जेवायला तीच घालते."

श्रीखंडाच्या आणि आइसक्रीमच्या डब्यांना तापलेल्या स्क्रूड्रायव्हरनं भोकं पाडली. त्यात ती काळीभोर, पावसानंतरच्या रानासारखा वास येणारी माती भरली, तेरड्याचं बी टाकलं. बघता बघता रोपं वर आली. सकाळी उठल्यावर देवाला नमस्कार करायच्या आधी काकू तंबूची चेन उघडायच्या. "उठलीस गो बाय?" असं रोपांना विचारायच्या. अक्षता हे ऐकून गालात हसायची, आणि खरं सांगायचं तर याच दिवसांत दोघींची जरा गट्टी जमली. आधी दोघी एकमेकींशी फार जपून बोलत, पाहुण्यांसारख्या.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पण हट्टी माणसाला छान चाललेलं बघवतं का?

काकूंना वाटायला लागलं, रोपं किरकोळ आहेत. ओढ्यावरचा तेरडा कसा कमरेला लागतो! ताक-गुळावर कुठे अंग धरणार? त्यांना बाबांची वाडी आठवली. त्यांचे बाबा दर पावसाळ्यात माडाच्या बुंध्याशी आळं करून जाडं मीठ आणि खारी मासळी पुरायचे आणि माड असे धरायचे की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. झालं! अक्षता ऑफिसला आणि काशीराम नाक्यावर पत्ते कुटायला गेलेले बघून काकूंनी फडताळातले सुके बांगडे काढले. डोकी मोडून एकेका डब्यात बोटानं खोल दाबली, वर चिमूट चिमूट जाडं मीठ. वरची माती सारखी केली, हात तीनदा साबणानं धुतले आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. आपण सुनेपेक्षा चार पावसाळे जास्त बघितलेत, हे त्यांना रोपांकडूनच वदवून घ्यायचं होतं.

अहो, पण माड कुठे आणि श्रीखंडाचा डबा कुठे! माडाचा जन्मच खाऱ्या वाऱ्यातला, त्याला मीठ म्हणजे तोंडीलावणं. आणि वाडीत एवढी जमीन, एवढा पाऊस. चूक झाली तरी वाहून जाते. डब्यातल्या चार मुठी मातीत चूक जाणार कुठे?

आधी गांडुळं निघाली. डब्यांच्या भोकांतून बाहेर पडून तंबूच्या तळाशी येऊन मरून पडली. मग पानांच्या कडा करपल्या. मग रोपांनी माना टाकल्या. अक्षतानं पाणी कमी करून बघितलं, वाढवून बघितलं, लाइट उंच केला, पंखा बंद केला. आणि एका संध्याकाळी ऑफिसची पर्सही न काढता तंबूसमोर बसून ती रडायला लागली.

"तेरडा रस्त्याच्या कडेला उगवतो हो आई! कोणी लावतसुद्धा नाही. आणि माझ्या हातून तो मरतोय. पहिलीच गौर माझी या घरातली. माझं काय चुकलं तेच कळत नाहीये."

काकूंना सगळं सांगून टाकायचं होतं. पण चूक कबूल करायची सवय लागते, आणि ती त्यांनी आयुष्यात कधी लावून घेतली नव्हती. त्या नुसत्या "होईल नीट" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात वसुधाताई. एका हातानं नाकाला पदर, दुसऱ्या हातात चिमटा आणि चिमट्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"रत्नाताई, हे तुमचं का?"

कागद उघडला तर आत बांगड्याचं डोकं. मातीनं माखलेलं आणि वर पिंपळाच्या पानाचा तुकडा चिकटलेला.

"आमची ठमी तुमच्या घरातनं घेऊन आली," वसुधाताई म्हणाल्या. ठमी ही त्यांची मांजर, तिला त्या दूधभात घालून शुद्ध शाकाहारी केल्याचं सगळ्यांना अभिमानानं सांगत. "सोफ्यावर आणून ठेवलंन्. सोफ्यावर! आमच्या घरात उभ्या जन्मात कधी..."

अक्षतानं बांगड्याकडे बघितलं, त्याला चिकटलेल्या मातीकडे बघितलं. आपली माती ती ओळखणार नाही का? मग तिनं सासूकडे बघितलं. काशीराम नेमके तेव्हाच पत्ते खेळून दारात आले आणि क्षणभरात सगळं समजून गेले.

"वाट लागली," ते हळूच म्हणाले.

"मीच घातलं," रत्नाकाकू म्हणाल्या. एकदा तोंड उघडल्यावर मग थांबेनात. "मीच घातलं सगळ्या डब्यांत. मीठपण घातलं. बाबा माडाला घालायचे म्हणून. तुला न विचारता घातलं, आणि तू रडत होतीस तरी गप्प बसले. तुझं काही चुकलं नाय गो. माझंच चुकलं."

वसुधाताईंना मात्र वेगळीच शंका आली. "पण रत्नाताई, गौरीच्या झाडाला मासे? देवाचं ना ते?"

"त्याचं काय घेऊन बसलात!" काकू डोळे पुसता पुसता उसळल्या. "आमची गौर दुसऱ्या दिवशी मटण-वडे खाते. तिला बांगड्याचं वावडं नाय. तिला मीठ जास्त झालंय!"

आणि अक्षता हसली. रडत होती ती तशीच, नाक ओढत, पोट धरून हसली. सर्वेश कामावरून आला तेव्हा त्याची आई आणि बायको मोरीशी बसून, म्हणजे आई स्टुलावर आणि बायको खाली, तेरड्याची मुळं बादलीतल्या पाण्यात खळबळत होत्या.

त्याशिवाय इलाज नव्हता. खारवलेली माती टाकून द्यायची, रोपं अलगद काढून मुळं धुवायची आणि नव्या मातीत लावायची. ड्रमच्या तळाशी थोडी जिवंत माती उरली होती, पण ती सगळ्यांना पुरणारी नव्हती. कोणाला जगवायचं ते निवडावं लागलं. काकू रोप हातात घेऊन बघायच्या आणि अक्षताकडे द्यायच्या. "तू सांग," म्हणायच्या. रत्नाकाकूंनी 'तू सांग' म्हटलेलं काशीरामांनी संसारात पहिल्यांदाच ऐकलं. ते चहा ठेवायला गेले.

निम्मीअधिक गेली. राहिली त्यांनी बरेच दिवस नुसता जीव धरून ठेवला. काकू रोज चेन उघडायच्या, पण हात लावायच्या नाहीत. अक्षता पाणी घालायची, तेही ओंजळीनं. गणपती आले, तरी कळीचा पत्ता नव्हता. आणि गौरीच्या आदल्या दिवशी अक्षता तंबूत डोकं घालून किंचाळली, "आई!" एका रोपावर गुलाबी फूल आलं होतं. ओढ्यावरचा तेरडा कमरेला लागतो, हा जेमतेम वीतभर. पण फूल ते फूल.

गौरीच्या दिवशी काशीरामांनी मुद्दा काढला. "गौर बाहेरून घरात यायची. ही तर दोन महिने आपल्याच खोलीत राहतेय. भाडेकरू झाली. आता आणणार कुठून?"

मग ठरलं की आधी गौरीला घेऊन खाली जायचं. कंपाउंडातल्या बोअरिंगचा नळ हाच आपला पाणवठा. तिथे उपटायची, मुळं धुवायची आणि वाजतगाजत वर आणायची. डबा नळाशेजारच्या कठड्यावर ठेवला, म्हणजे वाकायला नको. नवी साडी नेसून, काठी टेकत रत्नाकाकू पुढे झाल्या. बिल्डिंगमधल्या बायका जमल्या होत्या, वसुधाताई आरतीचं तबक घेऊन हजर होत्या. काकूंनी रोपाच्या बुंध्याला हात घातला. याच घटकेसाठी तर सगळा खटाटोप केला होता. तंबू, टेबल, माती, सगळा.

आणि त्यांनी हात मागे घेतला.

"अक्षता, ये. तू उपट."

"आई, अहो तुमची..."

"ये म्हणते ना! वाचवली कोणी? उपट. खालून धर, हळू."

अक्षतानं उपटलं. नुसतं मूळ आलं नाही, डब्यातली अख्खी माती डब्याच्याच आकारात बाहेर आली, मुळांच्या पांढऱ्या जाळ्यानं गच्च बांधलेली, आणि तिच्यात एक गांडूळ वळवळत होतं. बायका "ई" करून मागे सरल्या. अक्षतानं ते गांडूळ उचलून डब्यात सोडलं, मुळं नळाखाली धुतली आणि ती वीतभर गौर पदराआड कडेवर घेतली.

रत्नाकाकू लिफ्टनं आधी वर गेल्या. गौर आणणारीचे पाय धुवायला दारात कोणीतरी हवं ना. हे काम त्यांनी कधी केलंच नव्हतं, आधी सासू करायची, मग जाऊ. तांब्या हातात धरून त्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. जिन्यावर थाळी वाजू लागली. अक्षता वळणावरून वर आली, कपाळावर घाम, पायाला माती, आणि खांद्याशी ते एकुलतं एक गुलाबी फूल डुलत होतं.

"गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" काशीरामांनी आतून विचारलं, कारण विचारायचं ते काकू विसरल्या होत्या.

"सोन्याच्या पावलांनी आली," अक्षता म्हणाली आणि सासूनं पायांवर पाणी घालायची वाट बघत थांबली.

काकू तशाच उभ्या.

"आई, काय झालं?" अक्षता घाबरली. "काही चुकलं का माझं?"

"नाय गो," रत्नाकाकू म्हणाल्या. "इतकी वर्षं माझ्या कडेवरच असायची ती. येताना कशी दिसते, ते मी आज पहिल्यांदा बघतेय."