सोमवारी नीट करते

बग नोंदवला की कधीतरी बंद होतो. किस्सा नोंदवला की त्याला पिल्लं होतात! उल्हासनगरच्या आमच्या गेमिंग कंपनीत मला जेमतेम तीन महिने झालेत, पण एवढ्यात वही भरली. त्या वहीचाही एक किस्सा आहेच.

*

नोकरीत परतले ती नऊ वर्षांनी. आधी अंबरनाथ पश्चिमेला एका छोट्या कंपनीत गेमचं कोडिंग करायचे. एका शुक्रवारी घरी गेले आणि शनिवारीच लेक झाली, चांगली महिनाभर आधी! मग राहिलं ते राहिलंच.

इंटरव्ह्यूला मालक हरेशभाईंनी बायोडेटा उलटासुलटा करून पाहिला.

"नौ साल किधर थे मॅडम?"

"घरी."

"घर पे कोई नौ साल रहता है क्या? सच बोलो, किसकी कंपनी में थे?"

लेकीचा फोटो दाखवला, तरी त्यांचा संशय जाईना. शेवटी म्हणाले, "तीन महिना देखेंगे. फिर पक्का." मला नोकरी हवीच होती. परत घरी बसायचं नव्हतं.

*

आमचा टीम लीड सुजित, वय सव्वीस. मी वहीत पेन्सिलीने काही लिहिलं की तो कानाडोळा करायचं नाटक करायचा. ही बाई मालकाची खबरी आहे आणि आपल्या यायच्या वेळा टिपते, असं ऑफिसात ठरलं होतं.

एकदा मी चहाला गेले आणि पोरांनी वही उघडली. पान पहिलं: 'सुजित – अकरा'. दुसऱ्या दिवशी अख्खी टीम साडेनऊला हजर!

पूर्ण ओळ कुणी वाचलीच नाही. 'सुजित – अकरा शॉर्टकट दाखवले. पाठ करणे. मटकी भिजत घालणे.'

*

संशय मलाही होता. मी आले की पोरं स्क्रीन झाकायची आणि खुसफुसायची. आपली टिंगल चाललीय, या विचाराने दोन दिवस डबा गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन थेट विचारलं.

"काही नाही मॅडम," सुजित लाजला. "गेमची पहिली लेव्हल तुम्हाला न सांगता तुमच्यावर टेस्ट करायची होती. तुम्हाला जमली तर कुणालाही जमेल!"

टिंगल परवडली असती.

*

कात्रपला आमच्या घराशेजारच्या कुलकर्णीकाकूंनी गॅलरीतून माझं फोनवरचं बोलणं ऐकलं. "अरे, मुलगा भिंतीतून आरपार जातोय! मेला की दोन मिनिटांनी परत उठतो!"

सकाळी काकू दारात, हातात अंगाऱ्याची पुडी. "कुणाचा गं मुलगा? घरात सांगितलंयस का?"

पुडी ऑफिसात कीबोर्डखाली ठेवली. संध्याकाळी गेममधल्या त्या मुलाचा बग गेला! सुजित दिवसभर त्यावर राबला होता, पण श्रेय काकूंनी घेतलं.

*

आणि परवाचा हा. माझे तीन महिने संपले त्या दिवशीचा.

आमच्या गेममधली रिक्षा पुलाच्या वळणावर आभाळात उडते. तिचं जुनं कोड हरेशभाईंनी एका बंद पडलेल्या कंपनीकडून उचललेलं. सुजित ते उसवत बसला होता, मागे हरेशभाई उभे. माझं काय करायचं ते त्यांना ठरवायचं होतं.

"सापडलं!" सुजित ओरडला. "इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलंय. 'हे तात्पुरतं आहे. सोमवारी नीट करते.' करते! म्हणजे बाई आहे!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ऑफिसात बाई मी एकटीच.

"मॅडम," सुजित हळूच म्हणाला, "ती कंपनी अंबरनाथची होती."

माझे कान तापले. ते वळण मला तोंडपाठ होतं.

"कुठला सोमवार ते लिहिलंय का?" मी विचारलं.

"नाही."

"आज वार कोणता?"

सुजितने कॅलेंडरकडे पाहिलं. "सोमवार."

"मग सरक."

मी खुर्ची पुढे ओढली. मागून हरेशभाईंनी सुजितला फर्मावलं, "साईं, पक्का कर दो इनको. सोमवार बोला था, सोमवार को आई!"