विहिरीवरचा फोटो

आमच्या गावातल्या काही हौशी मंडळींनी बाजारातल्या लांब भिंतीवर गावाचे जुने फोटो मोठे करून लावले आहेत. काल भाजी घेऊन येताना मी सहज थांबले. गावची विहीर सगळ्या जातींना खुली झाली, त्या दिवसाचा एक फोटो होता. कळश्या घेऊन आलेल्या बायका आणि त्यांच्यावर काठी उगारलेला एक तरुण. मी जवळ जाऊन त्याचा चेहरा पाहिला. ते माझे आजोबा होते. मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारे आजोबा.

फोटो लावणाऱ्यांपैकी एक बाई जवळ आल्या. "कुणी ओळखीचं दिसतंय का? आम्ही नावं जमवतोय."

"हे माझे आजोबा," मी कसंबसं म्हणाले.

बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला नको असेल तर काढतो आम्ही."

आपलं माणूस आपल्याला दिसतं तरी किती! आजोबांच्या मायेबद्दल मला आजही शंका नाही. पण ती काठीही त्यांच्याच हातात होती. फोटोत त्यांच्यासमोरची एक बाई कळशी न सोडता थेट त्यांच्याकडे पाहत होती.

"राहू द्या," मी म्हणाले आणि आजोबांचं पूर्ण नाव सांगितलं. "पण आधी या बाईंचं नाव शोधा."