अंगठ्याची भाकरी
तांदळाची भाकरी करपल्याचा वास आला की मला आमच्या कोंबड्या आठवतात. मी सात वर्षांचा होतो आणि पोरानं आपलं आपण करायला शिकायचं असं आईने ठरवलं होतं. परातीत माझी भाकरी पाच वेळा फाटली. आई हात मागे बांधून म्हणायची, "मी हात लावणार न्हाय. फाटली तर परत थाप." सहावी अख्खी तव्यावर गेली. जरा करपली, पण माझी होती. ओळख म्हणून कडेला अंगठा दाबून ठेवला होता. मी आंघोळ करून येईपर्यंत बाबांची अर्धी भाकरी संपलेली. कोलंबीचं कालवण भुरकत ते म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! तुझ्या आईला पण अशी जमत न्हाय." मी लगेच शेजारच्या काकूंना बाबांचा आवाज काढून हे दोनदा करून दाखवलं. परत येतो तर मागच्या दारी कोंबड्या भांडतायत, आणि मधे माझ्या अंगठ्याची भाकरी! म्हणजे बाबांनी आईचीच खाल्ली होती. मी घरात जाऊन बाबांच्याच आवाजात ओरडलो, "वा रे पठ्ठ्या!" कोणी हसलं नाही. आई म्हणाली, "अरे, आतून कच्ची होती." मी म्हटलं, "हात लावणार न्हाय म्हणाली होतीस ना?" दुसऱ्या दिवशी परत थापली आणि बाबा शेवटचा घास गिळेपर्यंत समोरून हललो नाही. अजूनही कोणी माझ्या हातचं खाऊन "मस्त" म्हणालं, की मी आधी मागच्या दारी बघून येतो.