लाल दिव्यावरची टिकली

पनवेलात गाडीचं दुखणं माझ्याइतकं कुठल्याच ड्रायव्हरला कळत नाही. म्हणूनच ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला, तेव्हा मी त्याच्यावर बायकोची टिकली चिकटवली.

मालकांनी ती बघितली. "इंजिन बसलं तर तूपण घरी बसशील!" तसाच पळस्पे नाक्यावरच्या मेस्त्रीकडे गेलो.

हा मेस्त्री माणसाशी बोलतानाही इंजिनाकडेच बघतो. त्याने टिकली नखाने अलगद काढून स्वतःच्या मनगटावर लावली. ऑइल बघितलं, बरोबर होतं. इंजिनावरच्या ऑइल प्रेशरच्या स्विचची वायर काढली, दिवा विझला.

"झालं!" मी म्हटलं.

"काय बी नाय झालं," तो इंजिनाला म्हणाला. स्विच खोलून तिथे मीटर लावलं, गाडी चालू केली. काटा वर गेला. "प्रेशर बराबर हाय. स्विच मेलाय."

नवा स्विच बसवून चावी फिरवली, तर दिवा परत लागला! त्याने स्टार्टर मारला, दिवा विझला.

"आधी लागला पायजे, मंग इझला पायजे."

"म्हणजे लागला तर चांगलं का वाईट?"

पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे बघितलं. मनगटावरची टिकली माझ्या तळहातावर ठेवली.

"वयनीला द्या. आन् गाडी बी त्यांनाच चालवाया द्या."