हत्तिणीच्या तळ्याचा गुळगुळीत उतार

हत्तीण उताराच्या तोंडाशी थांबली ती थांबलीच. सोंडेने कोबा हुंगला. पुढचा पाय टेकवला, उचलला आणि मागे सरली. माहूत केळी दाखवून दमला. मी बांधलेल्या तळ्यात पाणी तुडुंब आणि हत्तीण काठावर.

मी पांडू मेस्त्री. शिक्षण दुसरी, तीही अर्धी. पण चिरेकाम आणि कोबा म्हटलं की पंचक्रोशीत माझंच नाव घ्यावं लागतं. सावंतवाडीजवळ या म्हाताऱ्या हत्तिणीसाठी जागा करायची होती. साखळी नाही, पिंजरा नाही. वाळूचा ढीग, चिखलाचा खड्डा, डुंबायला तळं. नकाशा पुण्याच्या बाईंचा. अशा जागेला त्या हॅबिटॅट म्हणत. जन्मभर सिमेंटवर उभी राहून हत्तिणीचे तळवे फुटले होते. पाण्यात शिरली की पायांवरचा भार हलका होतो, म्हणून तळं हेच तिचं औषध.

तळं मला मिळालं, चिखलाचा खड्डा बाबलला. आम्ही दोघं एकाच मेस्त्र्याच्या हाताखाली शिकलो. त्याची भिंत ओळंब्यात कधी बसली नाही. तरी बाई दिवसभर त्याच्याच खड्ड्याशी. "बाबलकाका, माती अजून मऊ हवी. वा, छान!" चिखलाला छान! माझ्याकडे येऊन नुसतं, "मेस्त्री, उतार खडबडीत ठेवा हं."

खडबडीत काय, कोणीही करतं. बाई पुण्याला गेल्या तेवढ्यात मी लाल रंग घालून कोबा केला आणि थापीने असा घोटला की त्यात आभाळ दिसावं. त्या परतल्या त्या हत्तिणीच्या ट्रकबरोबरच.

आता बाबल सगळ्यांदेखत बोलला, "पांडग्या, तुझ्या कोब्यात तिका आपला तोंड दिसता रे. लाजता ती!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. वाकून त्यांनी उतारावर हात फिरवला.

"मेस्त्री, ही घसरून पडली तर पुन्हा उठायची नाही. मी काय सांगितलं होतं?"

"आमच्याकडे काम असंच करतात."

"घरात करा. हा उतार उद्या फोडायचा. बाबलकाकांना सांगते."

माझं काम फोडणार, आणि तेही बाबल! रागात बाईंसमोर मालवणीच तोंडात आली. "माझ्या कामाक त्याचो हात लागूक नको! दोन दिवस द्या. टाचे मारतंय." टाचे म्हणजे छिन्नीचे उथळ घाव. त्यात पाय धरतो.

"दोनच," बाई म्हणाल्या.

तळं उपसलं. माझीच घोटाई मी घावागणिक मोडत बसलो. दुसऱ्या दुपारी छिन्नी बोथटली. तेवढ्यात बाबल आपली घेऊन आला.

"ऊन लय आसा. हातभार लावू काय रे?"

"तू तुझो चिखल ढवळ."

तो गेला, पण छिन्नी ठेवून. तो वळणापलीकडे गेल्यावर मी ती उचलली.

पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी हत्तिणीने पाय टेकवला, घासून पाहिला. मग दुसरा. मग पोटापर्यंत, कानांपर्यंत उतरली आणि सोंडेने फवारा उडवला. मी ताठ उभा राहून बाबलकडे पाहिलं.

तासाभराने ती बाहेर आली, सरळ बाबलच्या खड्ड्याकडे गेली आणि अंगभर चिखल थापून घेतला.

"आंघोळीनंतर हत्तींना चिखल लागतोच," बाई म्हणाल्या. "उन्हाचा, माश्यांचा त्रास होत नाही." बाबल नुसता बिडी ओढत राहिला.

काम ज्याच्या पायाखाली जाणार त्याचा पाय आधी बघावा, हे मी मानलं. पण माझ्या तळ्यातली आंघोळ ती रोज बाबलच्या चिखलात घालवते, हे अजून सोसत नाही. त्याची छिन्नीही मी परत दिलेली नाही.